सोनेरी कागदातला कोळसा

सोनेरी कागदात गुंडाळलेल्या कोळशाच्या त्या तुकड्यावर बोली लावण्यात ऊई बेंग हुआतचा दुहेरी फायदा होता. खू तियान सेंगला भर जेवणात चढवत न्यायचं आणि शेवटी कोळसा त्याच्याच गळ्यात मारायचा, हा पहिला. कॉलेजच्या नव्या इमारतीत फरश्या कोणाच्या बसवायच्या हे ठरवणारी मंडळी शेजारच्याच टेबलावर मासा खात होती, त्यांच्या डोळ्यांत भरायचं, हा दुसरा. खर्चाच्या बाजूला त्यानं काहीच मांडलं नव्हतं.

दोघंही मलेशियात, पेनांगमध्ये फरश्या विकतात. टेकडीवरच्या त्या निवासी कॉलेजात दोघं एका खोलीत राहिले होते आणि तेव्हापासून एकमेकांना पाण्यात पाहतात. माजी विद्यार्थ्यांच्या जेवणात लिलाव करू, म्हणजे गरजू मुलांच्या राहण्याजेवणाचा खर्च निघेल, ही कल्पना यंदा खूनंच काढली होती. चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात भुतांच्या नावानं मांडव पडतात, त्यात असा कोळसा आणि बरकतीच्या इतर वस्तूंची बोली होते, अगदी तशीच.

बोली चोवीस हजार रिंगिटवर आली. बेंग हुआतनं हात वर केला आणि खूकडं पाहिलं. खूनं हात खाली घेतला आणि कोंबडीची तंगडी उचलली. टाळ्या पडल्या.

परतताना गाडीत बायको, स्यू लान, कोळसा मांडीवर घेऊन बसली होती. "चोवीस हजारांचा कोळसा," ती म्हणाली. "आता शेगडी केवढ्याची घेणार, म्हाताऱ्या?"

"पैसे पुढच्या वर्षी द्यायचे असतात. मांडवातल्या बोलीचे कोणी लगेच देतं का?"

तो चुकीचं बोलत नव्हता. बोली आज, पैसे पुढच्या सातव्या महिन्यात, हे आमच्याकडच्या कुठल्याही चिनी दुकानदाराला ठाऊक असतं. पण माजी विद्यार्थी संघाचा खजिनदार होता परमशिवम, बँकेतून निवृत्त झालेला तमिळ गृहस्थ. तो असल्या मांडवात जन्मात बसलेला नव्हता. त्यानं बोली म्हणजे रोकड धरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच तीन मुलांची नावं फलकावर लावून टाकली.

शुक्रवारी त्यांतली एक दुकानात आली. बेंग हुआतनं गिऱ्हाईक समजून विचारलं, "न्हाणीघरासाठी की ओट्यासाठी?"

"फरशी नकोय, अंकल. मी कलैवाणी. तुमची शिष्यवृत्ती मला मिळालीय."

"बस बस. आभार मानायला एवढ्या लांब कशाला आलीस?"

"आभार नाही मानायला आले." ती उभीच राहिली. "सोमवारी खोल्यांची यादी बंद होते. ऑफिसातली बाई म्हणते, पैसे आलेच नाहीत. माझी ट्रंक वॉचमनच्या टेबलाखाली आहे. ती खोलीत नेऊ की परत मळ्यावर घरी, तेवढं सांगा."

"आणि आभार?"

"खोली मिळाली की मानीन."

बेंग हुआत म्हणाला, "कळवतो." ती गेल्यावर त्यानं नमुन्याच्या फरश्या एका भिंतीवरून काढून दुसऱ्या भिंतीला लावल्या, आणि दुपारी पुन्हा पहिल्या भिंतीला लावल्या. मग परमशिवमला फोन केला.

"एक वर्षाची मुदत असते, परमा. चालीरीत आहे."

"तुझी असेल. कॉलेजची फी सोमवारी भरायची असते."

"समजा, भरले. मग फरश्यांचं?"

"मग फरश्या विसर. देणगीदाराकडून माल घ्यायचा नाही, असा ठराव झालाय. पावती फाडली की तू देणगीदार."

"कधी झाला?"

"गेल्या महिन्यात. खूच्या मेहुण्यानं मांडला."

बेंग हुआतला कोंबडीची ती तंगडी आठवली.

"बायकोच्या नावानं दिले तर?"

"बायको म्हणजे तूच. फार तर ती जास्त, तू कमी."

वर्षभर थांबायचं, फरश्यांचं काम पदरात पाडून घ्यायचं आणि त्या नफ्यातून बोली चुकती करायची. हिशेब सरळ होता. त्यात फक्त तीन मुलं बसत नव्हती. शनिवारी रात्री तो जेवताना उठून दोनदा फाटकापर्यंत जाऊन आला. स्यू लान म्हणाली, "कोणी येणार आहे की तू निघालायस?"

रविवारी तो खूच्या दुकानात गेला. खूनं स्वतः उठून खुर्ची पुढं केली, तेव्हाच काय ते समजायचं.

"कोळसा तू घे," बेंग हुआत म्हणाला. "मी दोन हजार कमी करून देतो."

"मला काय करायचाय? माझी बरकत ठीक चाललीय." खूनं चहा ओतला. "आणि घाई कसली? वर्ष आहे तुझ्याकडं. पोरं काय, राहतील नाहीतर जातील. आपल्या वेळी नाही का गेली कितीतरी."

"गेली."

"मग?"

बेंग हुआतनं चहा तसाच ठेवला.

सोमवारी कॉलेजचं ऑफिस उघडायच्या आधीच तो पायरीवर उभा होता. त्याला मुलीची कणव जास्त आली की खूचा राग, याची वाटणी मी करू शकत नाही. त्यालाही विचारून पाहिलं. तो म्हणाला, "मुलीला कोणत्या पैशानं खोली मिळाली ते कळतं का? मग तुला कशाला हवंय?"

फरश्यांचं काम महिन्याभरात खूला मिळालं. कलैवाणीनं फोन केला होता. बोलणं अर्ध्या मिनिटात संपलं, कारण तिला जेवणाची घंटा चुकवायची नव्हती.

तर चोवीस हजार आले ते असे. नव्या लॉरीसाठी बाजूला काढलेल्यांतले अठरा, बेंग हुआतचे. भिशी तोट्यात आधीच उचलून आणलेले सहा, स्यू लानचे. खूचे, काही नाहीत.