जुन्या मापाचा कान

ऑफिसात तिला सगळे खात्रीबाई म्हणायचे, आणि त्यात कौतुक कमी, चेष्टाच जास्त असायची. तिला त्याचं काही नव्हतं. "म्हणा की! तुमचं तोंड आणि माझं काम," असं म्हणून ती खुर्ची पुढे ओढायची.

काम होतं बॅकअपचं. केंद्र होतं कानांचं. ज्यांचं ऐकणं पार गेलंय, अशांच्या कानात आत एक तार बसवलेली असते आणि बाहेर कानामागे एक छोटं यंत्र असतं. त्या यंत्रात ज्याचं त्याचं माप भरावं लागतं. आवाज कुठून ऐकू यायला लागतो, किती मोठा झाला की सोसत नाही, असं सगळं. एकाचं माप दुसऱ्याला अजिबात चालत नाही. बैठकीमागून बैठक घालून, महिनोन्‌महिने डोकेफोड करून ते जुळवतात. सगळ्यांची मापं असायची केंद्रातल्या सर्व्हरवर. यंत्र हरवलं तर नवं आणायचं, सर्व्हरवरून माप भरायचं, माणूस पुन्हा ऐकायला लागला. पण मापच गेलं, तर बसा पुन्हा पहिल्यापासून!

त्या मापांची कॉपी रोज आपोआप निघायची आणि पडद्यावर हिरवी खूण उमटायची. खात्रीबाईचा त्या खुणेवर काडीचा विश्वास नव्हता. "कॉपी काय, कुणीही काढेल. ती परत उभी राहते का, ते सांगा." म्हणून तिने पद्धत पाडली होती. दर शुक्रवारी ती बॅकअप एका रिकाम्या मशीनवर उभा करायची, त्यातून एका माणसाचं माप काढून सुट्या यंत्रात भरायची आणि ते यंत्र सरळ त्या माणसाच्या कानावर चढवायची. ऐकू आलं तर बॅकअप खरा.

तो माणूस बहुतेक वेळा तिचे सासरेच असायचे. अप्पांनी जन्मभर शिवणकाम केलं होतं, म्हातारपणी कान गेले, इथेच तार बसली. केंद्रातला चहा त्यांना आवडायचा आणि तक्रार करणं त्याहून जास्त आवडायचं. चहा पाणचट, खुर्ची उंच, पंखा हळू. त्यांचं कुणी मनावर घेत नसे.

मग नवा सर्व्हर आला आणि पाठोपाठ नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा. त्यांनी हिरव्या खुणांची रांग बघितली आणि शुक्रवारचा कार्यक्रम बंद केला. "बाई, यंत्र सांगतंय ना ठीक आहे म्हणून? मग म्हाताऱ्यांना कशाला हेलपाटे?" खात्रीबाई भांडली, पण तिचं काही चाललं नाही.

ज्या दिवसाची ही गोष्ट आहे, त्या दिवशी नव्या सर्व्हरची एक डिस्क मेली होती आणि दुसरी अखेरच्या घटका मोजत होती. मेकॅनिक नव्या डिस्कचे खोके घेऊन दारात हजर. जुन्या काढायच्या, नव्या घालायच्या, बॅकअपमधून सगळं परत भरायचं. सरळ काम. आणि साहेबांना ते दुपारच्या आत हवं होतं, कारण आदल्या दिवशी त्यांच्या पोरीचं यंत्र पोहण्याच्या तलावाशेजारच्या गटारात पडलं होतं.

सात वर्षांची पोर. तापात कान गेले, याच केंद्रात तार बसली, गेल्या काही महिन्यांत एकेक बैठक करत माप जुळलं होतं. कालपासून तिला ठार ऐकू येत नव्हतं. रात्री ती आईला घट्ट धरूनच झोपली, असं साहेबांनी स्वतः सांगितलं. संध्याकाळी तिचं नवं यंत्र येणार होतं. त्यात भरायचं माप सर्व्हरवर. म्हणून ही सगळी धावपळ.

"डिस्क काढायच्या आधी मला बॅकअप एकदा कानावर चढवून बघू द्या," खात्रीबाई म्हणाली.

"बाई, आज नको."

"आजच हवं, साहेब. जुनं पुसल्यावर खात्री करून काय उपयोग? अप्पांना रिक्षात बसवलंसुद्धा मी."

साहेबांनी घड्याळ बघितलं, मेकॅनिककडे बघितलं, आणि हात झटकले. "करा. पण लवकर."

अप्पा आले. रिकाम्या मशीनवर बॅकअप विनातक्रार उभा राहिला. नावं दिसली, मापं दिसली. तिने अप्पांचं माप सुट्या यंत्रात भरलं आणि त्यांच्या कानामागे बसवलं. स्वतःचं यंत्र अप्पांनी खिशात घातलं.

"ऐकू येतंय, अप्पा?"

"येतंय." अप्पांनी मान तिरकी केली. "पण ती शिट्टी परत आलीये."

"कुठली शिट्टी?"

"अगं, तू बोललीस की मागून बारीक शिट्टी वाजायची. मागच्या खेपेला तुमच्या त्या मापं जुळवणाऱ्या बाईंनी काढली नव्हती का? हे माझं जुनं माप आहे सूनबाई. उसवून टाकलेलं."

साहेब दारातूनच म्हणाले, "ऐकू येतंय ना? झालं तर मग. आजोबांना काय, पंख्याचाही आवाज खुपतो." आणि मेकॅनिकला खूण केली.

आता गंमत अशी की घरीदारी अप्पांच्या तक्रारींना सगळ्यात जास्त कोण वैतागलेलं असेल, तर ती खात्रीबाईच. पण तिला एक पक्कं ठाऊक होतं. अप्पा चहाबद्दल वाट्टेल ते बोलतील, मापाबद्दल उगाच बोलणार नाहीत. जन्मभर टेप गळ्यात घालून हिंडलेला माणूस तो.

"हात लावू नका!" ती इतक्या जोरात ओरडली की मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "साहेब, इकडे या. बसा इथे. तुमच्या मुलीचं नाव टाका."

"अहो, वेळ कुठे..."

"टाका म्हणते ना!"

साहेबांनी नाव टाकलं. काही आलं नाही. त्यांनी आडनाव आधी घालून बघितलं. मग जन्मतारीख घातली. मग पुन्हा नाव, एकेक अक्षर दाबत. पडदा कोराच राहिला. ज्या कॉपीच्या भरवशावर ते सर्व्हर उघडायला निघाले होते, त्या कॉपीत त्यांची पोर नव्हतीच.

"हे... हे कसं?" साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "रोज हिरवी खूण येते."

खात्रीबाई एव्हाना बॅकअपच्या सेटिंगमध्ये शिरली होती, आणि घोडं कुठे अडलंय ते तिला दिसलं. बॅकअप निघत होता, रोज, बिनचूक निघत होता, पण जुन्या सर्व्हरचा! नवा आला तेव्हा कॉपी कुठून घ्यायची तो पत्ता कुणी बदललाच नव्हता. आणि जुना सर्व्हर सामानाच्या खोलीत कोपऱ्यात अजून घुरघुरत होता. बंद केला असता तर त्याच दिवशी बॅकअप फसला असता, लाल खूण आली असती, बोंबाबोंब झाली असती. तो चालू ठेवायला कुणी सांगितलं होतं? तिनेच. "असू दे चालू, काही लागलंसवरलं तर." म्हणजे शुक्रवार बंद केला साहेबांनी, आणि लाल खूण बंद केली हिने.

"यात माझाही हात आहे, साहेब," ती म्हणाली. "पण भांडण नंतर. आता माझं ऐका."

आणि मग बाईचा हात असा चालायला लागला की बघणाऱ्याने बघत राहावं. त्या मरायला टेकलेल्या डिस्कवरून सगळं एकदम ओढायचं नाही, तिच्यावर ताण येईल. जे जुन्या कॉपीत आहे ते आहेच. आधी त्यानंतरचं काढायचं, म्हणजे गेल्या काही महिन्यांतली मापं, आणि त्यातही सगळ्यात नवी आधी. मग उरलेलं. मेकॅनिकला तिने सर्व्हरच्या शेजारी उभं केलं. "पंखा धरा त्याच्यावर. आणि कुणाला इथे फिरकू देऊ नका, धक्का लागता कामा नये."

"मध्येच डिस्क गेली तर?" साहेबांनी हळूच विचारलं.

"तर उरलेलं जाईल. आणि तुम्ही मघाशी उघडली असती तर सगळंच गेलं असतं. बसा जरा, उभं राहून ती लवकर चालणार नाही."

साहेब बसले. अप्पांनी त्यांच्या हातात चहाचा कप दिला आणि पाणचट आहे हेही सांगितलं. डिस्क मध्येच कुरकुरली, थांबली, पुन्हा चालू झाली. खात्रीबाई पडद्यावरून नजर हलवत नव्हती. "चल ग बाई, चल," ती पुटपुटत होती, "एवढी मापं दे आणि मग खुशाल मर."

दिली बाई तिने. शेवटपर्यंत दिली.

साहेब ताडकन उठले. "चला, काढा डिस्क!"

"थांबा," खात्रीबाई म्हणाली.

आणि या वेळी साहेब थांबले. नवी कॉपी रिकाम्या मशीनवर उभी राहिली. अप्पांच्या कानावर पुन्हा यंत्र चढलं. ती त्यांच्या पाठीमागे जाऊन बोलली, हळू बोलली, मग आणखी हळू.

"शिट्टी नाही," अप्पा म्हणाले. "फिटिंग बरोबर आहे."

"साहेब, आता तुम्ही."

साहेबांनी नाव टाकलं. पोर सापडली. एकेक बैठक, एकेक माप, सगळं जागच्या जागी. ते कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिले, शेवटी खात्रीबाईनेच मेकॅनिकला सांगितलं, "उघडा आता. मी सांगते म्हणून उघडा."

जुन्या डिस्क निघाल्या, नव्या बसल्या, सगळं परत भरलं गेलं. बॅकअपचा पत्ता तिने स्वतःच्या हाताने बदलला आणि सामानाच्या खोलीत जाऊन जुन्या सर्व्हरची पिन उपटून टाकली.

संध्याकाळी पोर आली. आईचा हात सोडायला तयार नव्हती, कुणाच्या तोंडाकडे बघायलाही तयार नव्हती. मापं जुळवणाऱ्या बाईंनी नव्या यंत्रात माप भरलं, तिच्या कानामागे बसवलं आणि तिला खिडकीकडे तोंड करून बसवलं. साहेबांना मागे उभं केलं. "बोला काहीतरी तिच्याशी. ओळखीचा आवाज हवा."

साहेबांनी तोंड उघडलं. शब्द फुटेना. दिवसभर हुकूम सोडणारा तो माणूस पोरीच्या पाठीमागे उभा राहून नुसता श्वास ओढत होता. त्यांनी खात्रीबाईकडे बघितलं, मान हलवली, जमत नाही म्हणून.

खिडकीकडे बघता बघताच पोर म्हणाली, "बाबा, तुम्ही रडताय?"