तोट्याची तीन वर्षं

शेअर बाजार उघडायला दहा मिनिटं होती. धाकट्याने एका कंपनीच्या कमाईचा आपणच केलेला तक्ता सहज पुन्हा उघडला आणि त्यातली स्वतःची चूक त्याला दिसली.

छोट्या कंपन्यांचे शेअर स्वस्त की महाग, हे सांगण्याचाच पगार मिळायचा त्याला. एका वर्षाच्या नफ्याला भुलू नका, दहा वर्षांची सरासरी कमाई काढा आणि भाव तिच्या कितीपट आहे ते बघा, हे तो येईल-जाईल त्याला ऐकवायचा. आणि स्वतः काय दिवे लावले होते? पंप बनवणाऱ्या एका कंपनीची तोट्याची तीन वर्षं त्याने 'लागू नाही' म्हणून भरली होती. तोट्याच्या वर्षी भाव कमाईच्या कितीपट ते निघत नाही, म्हणून पटाच्या रकान्यात या धंद्यात सगळे असंच लिहितात; त्याने ते कमाईच्या रकान्यातही लिहिलं होतं. संगणकाने ती वर्षं बिनबोभाट गाळली आणि उरलेल्या सातांचीच सरासरी दिली. शेअरमागे कमाई अठरा रुपये, भाव एकशे ऐंशी. फक्त दहापट! तोटा धरला तर कमाई तीनवर येत होती. म्हणजे साठपट, महागच महाग.

आणि ताईला तो छातीठोकपणे म्हणाला होता, "डोळे झाकून घे." शिवणाचं दुकान विकून आलेली सगळी पुंजी ती आज त्यातच घालणार होती.

फोन लागेना. लिफ्ट येईना. पाच मजले तो धडपडत उतरला, सिग्नलपाशी स्वतःला शिव्या घालत उभा राहिला आणि धापा टाकत ताईच्या दारात पोचला.

"घेतले रे!" ताईने हसत पाण्याचा पेला पुढे केला. "वाढलेसुद्धा!"

"विक, ताई. आत्ताच्या आत्ता."

त्याने खाली मान घालून सगळं सांगितलं.

"तोट्याची वर्षं धरायचीच नाहीत?" ताई भडकली. "अरे, माझ्या दुकानाची तशी दोन वर्षं होती. त्यातच माझी चार मशिनं गेली! ती वर्षं काय झालीच नाहीत?"

तिने तणतणत मोबाईलवर सगळे शेअर विकून टाकले. पैसे वाचले. धाकट्याला रडूच फुटलं, इतकं हायसं वाटलं.

"हा तक्ता अजून कुणाला दिलास?"

"चाळीस गिऱ्हाइकांना," तो पुटपुटला. "काल."

"त्यांना फोन केलेस?"

"नाही. फक्त तुला."

ताईने त्याच्या हातातला पेला काढून घेतला. "मग इथे पाणी काय पितोस?"