एक पॉइंट नऊ कुणी लिहिलं?

मी एक जुनी नियंत्रक पेटी आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे किती, तर चार वर्षांची! हसलात ना? हसा, हसा. तुमच्यात चार वर्षांच्या बाळाला बालवाडीत घालतात, आमच्यात चार वर्षांच्या पेटीला कपाटात. म्हणून तर मी आज तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत, तुटक्या तराजूच्या शेजारी बसले आहे.

१९८५ साली सातपूरच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. राखाडी पत्र्याचं अंग, छातीवर लाल आकडे, पोटात हिरवी पट्टी आणि त्या पट्टीवर एक काळी चिप. चिपला वर काचेची इवलीशी खिडकी होती. जांभळ्या दिव्याखाली ती खिडकी धरली की आतलं सगळं पुसलं जायचं आणि नवं लिहिता यायचं. माझी सगळी अक्कल त्या चिपमध्ये होती, आणि ती लिहिली होती कारभारी अहिरे नावाच्या तरुण इंजिनिअरने. ते सटाण्याकडचे. काडीसारखे बारीक, आणि बोलायला लागले की चष्मा नाकावरून घसरायचा.

पिंपळगावच्या वाटेवरच्या एका शीतगृहात मला भिंतीवर ठोकलं. आत द्राक्षांची खोकी छताला टेकलेली. खोलीचं तापमान एक अंशाच्या आसपास राखायचं, हे माझं काम. दीडच्या वर गेलं की कॉम्प्रेसर सुरू, अर्ध्यावर आलं की बंद. आणि एकदा सुरू झाला की वीस मिनिटं थांबवायचा नाही, नाहीतर मोटर जळते, अशी मला सक्त ताकीद होती. पहिल्या वर्षी काय कौतुक झालं म्हणून सांगू! दसऱ्याला मला झेंडूचा हार घातला. हार इतका जाड की आकडेच दिसेनात.

मग १९८७चा हंगाम आला आणि माझ्यामुळे एका बाईची नोकरी जायची वेळ आली.

त्यांचं नाव ठमाबाई. दिवसपाळीला त्या असायच्या. दर अर्ध्या तासाने माझ्यावरचा आकडा वहीत लिहायचा, हे त्यांचं काम. शिक्षण चौथीपर्यंत, पण आकडे टपोरे. मध्येच माझा आकडा उडाला तर तोही त्या समासात वेळेसकट टिपून ठेवायच्या. दुसऱ्या पाळीचा पुंजाराम मात्र फार हुशार. आल्या आल्या तो अख्ख्या पाळीचे आकडे एका दमात लिहून टाकायचा. एक, एक, एक, एक. की मग तंबाखू मळायला मोकळा!

एका मंगळवारी पंख्यासमोरच्या रांगेतली द्राक्षं काचेसारखी झालेली सापडली. गोठली होती. मॅनेजर झुंबरभाऊंनी वही उघडली.

"ठमाबाई, ही समासात कसली रांगोळी?"

"आकडं हायेत, साहेब."

"ते दिसतंय मला. अकरा वाजता एक पॉइंट नऊ, आणि लगेच परत एक? ही खोली आहे की झोका?"

"पेटीवर दिसलं ते लिवलं."

"मग पुंजारामला कसं नाही दिसत? बघा, वही कशी मोत्यासारखी!"

बोलावून आणलेला पुंजाराम एकदम छताकडे बघू लागला, जणू तिथे त्याचं लग्न लागत होतं.

"दार उघडं टाकून उन्हाला बसत असाल," झुंबरभाऊ म्हणाले. "मग आत गरम होतं, मशीन धावतं आणि माल गोठतो. शनिवारपर्यंत बघतो. हेच चाललं तर सोमवारपासून येऊ नका."

ठमाबाईंनी वही परत घेतली. त्यांची मुलगी नाशिकला नर्सिंग शिकत होती, घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. त्यांनी पदराने माझ्यावरची धूळ पुसली. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडले असते. पण मला होते फक्त आकडे, आणि खोटं बोलले होते तेच!

दुपारी कारभारी आपल्या लुनावरून आले.

"या!" झुंबरभाऊ म्हणाले. "नाव कारभारी, आणि आमचा माल बर्फ!"

कारभारींनी मला तासभर तपासलं. तापमान मोजणारी माझी तार बर्फात बुडवली, कोमट पाण्यात बुडवली. मी सगळे आकडे बरोबर दाखवले. "पेटी ठणठणीत आहे," म्हणत त्यांनी पिशवी आवरली. तेवढ्यात ठमाबाई वही घेऊन आडव्या आल्या.

"भाऊ, जायच्या आधी एवढं बघा. आकडा उडतो तवा चढताना एक-नऊच होतो. उतरताना शून्य-शून्यच. एक-सहा नाय, एक-सात नाय. मी दार उघडं टाकलं असतं, तर गरमी बरोबर नऊवरच येऊन थांबली असती का?"

कारभारींचा चष्मा घसरला. त्यांनी समासातले चौदा आकडे बोटाने एकेक वाचले आणि ते रिकाम्या खोक्यावर मटकन बसले.

आता माझ्या पोटातलं गुपित सांगते. माझ्यात जणू दोन कामगार होते. एक मापाडी आणि एक राखणदार. मापाडी तापमान मोजून पाटीवर लिहायचा. पाटीला दोन घरं होती. एका घरात पूर्ण अंश, दुसऱ्यात दशांश. दर काही सेकंदांनी माझ्यात घंटा व्हायची. घंटा झाली की मापाड्याने हातातलं काम तसंच टाकायचं. मग राखणदार उठायचा, पाटी वाचायचा, आकडा दाखवायचा आणि कॉम्प्रेसरचं ठरवायचा. आता बघा. तापमान शून्य पॉइंट नऊवरून एकवर चाललंय. मापाड्याने पहिल्या घरात नवा एक लिहिला. दुसऱ्या घरातला जुना नऊ पुसायचा राहिलाय. नेमकी तेव्हाच घंटा झाली तर? राखणदाराने वाचलं, एक पॉइंट नऊ! लागलीच कॉम्प्रेसर सुरू, आणि ताकीद आहेच, वीस मिनिटं थांबायचं नाही. गरज नसताना एवढा गारवा, म्हणून पंख्यासमोरची द्राक्षं गोठली. अशी गाठ क्वचितच पडायची, म्हणून तासाभराच्या तपासणीत ती सापडली नाही.

बुधवारी कारभारींनी चिप नेली, पुसली, नव्याने लिहून आणली. मापाड्याने आधी दशांश लिहायचा, मग अंश. एवढंच बदललं होतं. गुरुवारी ते आले तेव्हा ठमाबाई दारातच उभ्या होत्या.

"भाऊ, आता उलटं झालं! चढताना शून्य-शून्य, उतरताना एक-नऊ."

कारभारींचा चेहरा पार उतरला. "आधी हे लिहा नाहीतर ते लिहा, मध्ये फट राहतेच," ते पुटपुटले. मग त्यांनी ठमाबाईंना मापाडी, राखणदार, घंटा सगळं समजावलं.

"मंग लिहून होईस्तोवर त्या राखणदाराला थांबवा की," ठमाबाई म्हणाल्या. "माझं माहेर मोसम नदीकाठचं. आमच्याकडं पाटाचं पाणी पाटकरी देतो. तो वाफ्याचं दारं फिरवत असला, की मालक का असंना, मध्ये खोरं घालायचं नाय. त्यानं 'झालं' म्हटलं की मगच."

"आमच्याकडेही असंच शे!" कारभारी एकदम गावच्या बोलीत ओरडले. "लहानपणी मी मध्ये खोरं घातलं होतं, तर पाटकरीबाबांनी कान पिळला होता."

"मंग इंजिनेर होऊन इसरलात जणू."

शुक्रवारी माझी चिप तिसऱ्यांदा बसली. आता मापाडी लिहायला बसला की आधी घंटा बांधून ठेवायचा. दोन्ही घरं भरली की सोडायचा. राखणदाराला अर्धवट पाटी दिसायची सोयच उरली नाही. शुक्रवारभर आणि शनिवारी दुपारपर्यंत कारभारींनी माझी तार शेकडो वेळा थंड-कोमट, थंड-कोमट केली. ठमाबाई समोर स्टूल टाकून बसल्या होत्या, डोळ्यांत तेल घालून. आकडा एकदाही उडाला नाही.

मग सातपूरहून कारखान्याच्या मालकांचा फोन आला. कारभारी नुसतं "हो साहेब, हो साहेब" म्हणत राहिले. फोन ठेवून ते ठमाबाईंच्या स्टुलाजवळ आले. "पेटी बिघडली होती हे लिहून देऊ नका म्हणतात," ते हळूच म्हणाले. "बाईंचं दार उघडं राहिलं असेल, असं म्हणायचं."

मित्रांनो, ठमाबाईंनी त्या अर्ध्या तासाचा आकडा वहीत लिहिला. मग त्यांनी फक्त वही पुढे केली. कारभारींनी ती हातात घेतली, उडालेल्या आकड्यांचं पान काढलं आणि समासाखाली लिहिलं, 'वरील सर्व आकडे खरे आहेत. चूक प्रोग्रामची होती. का. अहिरे.'

झुंबरभाऊंनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे माल पेटीने गोठवला?"

"पेटीने नाही," कारभारी म्हणाले. "मी."

झुंबरभाऊंनी पानावरून बोट फिरवलं. मग घसा खाकरून म्हणाले, "ठमाबाई, सोमवारी या. तेवढं हे पान फाडून नीट उतरवून काढा. संचालक येतील, बरं दिसत नाही."

"नाय साहेब," ठमाबाई म्हणाल्या. "नीट पाहिजे तर पुंजारामची वही दाखवा."

पुंजारामला ठसका लागला. पान तसंच राहिलं, आणि सोमवारी ठमाबाई आल्या. पुढचे हंगाम मी बिनचूक काम केलं. नंतर माझ्या जागी पडद्यावर रेघा काढणारं नवं यंत्र आलं, आणि कारभारींनी मला तुमच्या शाळेला देऊन टाकलं.

मला उघडून बघा, माझी काहीच हरकत नाही. पण एक ऐका. यंत्र चुकलं तर त्याला थपडा मारू नका, आणि त्याची चूक खोडरबराने सुंदरही करू नका. काय दिसलं आणि किती वाजता दिसलं, तेवढं लिहून ठेवा. आम्हाला दुखतंय कुठे हे सांगता येत नाही हो. तुमच्यातल्या कुणीतरी खरं लिहिलेलं असेल, तरच आम्ही बऱ्या होतो.