पुठ्ठ्याआडचे संवाद

सोमवारी कोर्टात घटस्फोटावर शिक्का बसला आणि मंगळवारी संध्याकाळी देसांका नेहमीसारखी इंग्रजीच्या वर्गाला गेली. कालपर्यंत तिचा नवरा असलेला ल्युबिशाही आला. खिडकीजवळच्या बाकावर दोघं शेजारी शेजारी बसली. पहिल्यापासून ती तिथंच बसत आली होती, आणि जागा बदलली असती तर कुणीतरी कारण विचारलं असतं.

वर्ग लावला होता तो मुलासाठी. ओग्न्येन आयर्लंडला गेला, तिथंच रमला, आणि निवृत्तीनंतर आपणही तिकडेच जायचं असं दोघांनी ठरवलं. मधल्या काळात संसार कसा आटत गेला हे देसांकाला नीट सांगता आलं नसतं. भांडण नव्हतं, दुसरी बाई नव्हती. एक दिवस ल्युबिशा म्हणाला की तो थोडे दिवस बहिणीकडे, रुझित्साकडे, राहायला जातो. तिनं बरं म्हटलं आणि हातातला कांदा चिरत राहिली. थोड्या दिवसांचे महिने झाले. औषधाच्या दुकानात ती दिवसभर लोकांना कुठली गोळी जेवणाआधी नि कुठली जेवणानंतर ते समजावायची, घरी येऊन जेवायची, झोपायची. रडू येईल म्हणून तिनं वाट पाहिली. आलं नाही. पुढे वाट पाहायचंही राहून गेलं.

क्रुशेवात्स या सर्बियन गावातल्या त्या वर्गात यागोदाबाई टीव्हीवरून शिकवायच्या. वयानं ओग्न्येनएवढ्याच, पण शिस्तीला कडक. मालिकेतला एखादा प्रसंग आधी आवाज बंद करून दाखवायचा आणि कोण काय म्हणत असेल ते वर्गाला ओळखायला लावायचं. मग आवाज सुरू. पण पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या सर्बियन ओळींवर पुठ्ठ्याची पट्टी चिकटवलेली. वाचायचं नाही, कान द्यायचे, असं त्या बजावत.

त्या दिवशीच्या प्रसंगात समुद्रकाठी पाहुण्यांना खोल्या देणारं एक इंग्लिश जोडपं होतं. बायको टॉवेलांच्या घड्या घालत होती, नवरा दारात उभा राहून काहीतरी विचारत होता. आवाज नव्हता तोवर वर्गानं तर्क लढवले. कुणी म्हणालं तो पैसे मागतोय, कुणी म्हणालं टॉवेल कमी पडलेत. आवाज लावला तर तो एवढंच विचारत होता की तू बरी आहेस ना. ती म्हणाली, आय ॲम फाइन.

बाईंनी फाइनचा अर्थ विचारला.

"दंड," झिवोयिनकाका म्हणाले. ते निवृत्त बसड्रायव्हर. "लंडनला बस नेली होती, तेव्हा पावतीवर लिहूनच दिला होता."

वर्ग हसला. तोही अर्थ बरोबर आहे, पण इथं त्याचा अर्थ 'मी ठीक आहे' असा, असं बाईंनी सांगितलं.

"लग्नात दोन्ही एकच, बाई," काका म्हणाले.

आता तोच प्रसंग जोडीजोडीनं करून दाखवायचा होता. आपल्या वर्गात खरंखुरं नवरा-बायकोचं जोडपं असताना दुसरं कुणाला कशाला, असं म्हणत बाईंनी त्या दोघांना उठवलं. देसांकानं आपली शाल टॉवेल म्हणून घडी घालायला घेतली. ल्युबिशा दारात जाऊन उभा राहिला. त्यानं विचारलं, तू बरी आहेस ना. ती म्हणाली, ठीक आहे. पुढचं वाक्य तो विसरला.

थांबू नका, मनानं बोला, फक्त इंग्रजीतच, असं बाईंनी सांगितलं.

ल्युबिशा जरा घुटमळला. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "माझा कोट. थंडीचा. कुठे?"

"खोका," देसांका म्हणाली. "तळघर."

मागच्या बाकांवर हशा पिकला.

"तू सांगितलं ओग्न्येन?"

"नाही. तू सांगितलं?"

"नाही."

"का नाही?"

"शब्द नाही," ल्युबिशा म्हणाला.

बाईंना ते फारच आवडलं. फक्त वाक्य पूर्ण हवं, म्हणून त्यांनी ते फळ्यावर लिहून दिलं: मला शब्द सापडत नाहीत. ल्युबिशानं शहाण्या विद्यार्थ्यासारखं ते वाचून दाखवलं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. फक्त झिवोयिनकाकांनी वाजवल्या नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

वर्ग सुटल्यावर जिन्यात त्यांनी दोघांना गाठलं. "पोराला तुमच्या तोंडून कळू दे," एवढंच ते म्हणाले आणि कठड्याला धरून खाली उतरून गेले.

गाडीत बसून ल्युबिशानं फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. त्यानं सांगितलं, देसांकानं मध्ये एक-दोन शब्दांची भर घातली.

"मला नाताळातच कळलं," ओग्न्येन म्हणाला. "आत्या बोलली. तुम्ही कधी सांगताय, याची वाट बघत होतो."

मग त्यानं विचारलं, "म्हणजे आता येणार कोण?"

"मी येईन," देसांका म्हणाली. आपण असं म्हणू, हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. ल्युबिशानं मान हलवली, जणू हे कधीचंच ठरलेलं होतं. त्यानं तिला घरी सोडलं, तळघरातून कोट काढून घेतला आणि शेजाऱ्याला म्हणावं तसं शुभ रात्री म्हणाला. पुढच्या मंगळवारी तो वर्गाला आला नाही. देसांकाची जोडी झिवोयिनकाकांशी लागली. तो कुठं आहे असं बाईंनी विचारलं तेव्हा तिनं खरं ते सांगून टाकलं. बाई लालबुंद झाल्या. देसांकाला त्यांची समजूत घालावी लागली.

शरद ऋतूत ती विमानात बसली. उतरल्यावर पासपोर्ट तपासणारा काचेआडचा अधिकारी बोलला ते मालिकेतल्यासारखं मुळीच नव्हतं. शब्द एकमेकांत कालवून टाकल्यासारखे. तिनं त्याला पुन्हा पुन्हा बोलायला लावलं, शेवटी त्यानंच कंटाळून हातानं पुढं जा म्हटलं.

ओग्न्येन न्यायला आला होता. वजन कमी झालंय का, प्रवास कसा झाला, असं तो विचारत राहिला आणि ती होय-नाही करत राहिली. पाऊस भुरभुरत होता. वाटेत त्यानं गाडी थांबवून कागदात गुंडाळलेले बटाट्याचे तळलेले काप आणले. देसांकानं एक उचलून तसाच तोंडात टाकला. तो आतून इतका कढत होता की जीभ चांगलीच भाजली आणि डोळ्यांतून पाणी आलं. तिनं तोंड उघडं टाकून हवा आत ओढली. कितीतरी महिन्यांत इतकं स्वच्छ काही जाणवलं नव्हतं.

"रडू नकोस गं आई," ओग्न्येन म्हणाला आणि त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

जीभ भाजली म्हणून सांगायला ती वळली, पण त्याचा हात उबदार होता. तिनं दुसरा काप घेतला आणि तोही फुंकर न घालता खाल्ला.