नेरेइदाच्या चेहऱ्याभोवती

मित्रांनो, मी एक जुना साज आहे. पांढऱ्या लेसचा, डोक्यावर ल्यायचा. मला दोन झालरी आहेत, एक लहान आणि एक चांगली रुंद. चर्चला जाताना लहान झालर चेहऱ्याभोवती गोल बसवतात, म्हणजे मधोमध फक्त चेहरा दिसतो. नाचगाण्याला जाताना मला उलटवून रुंद झालर मागे सोडतात. आमच्या हुचितान गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

माझी मालकीण रोसेंदा; तिच्या आईने मला लेकीच्या लग्नासाठी शिवलं. त्या दिवशी माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू! पुढे मात्र मी पेटीत गेलो, डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीला.

मला खरं जपलं ते नेरेइदाने. ती रोसेंदाचं शेंडेफळ. मुलगा म्हणून जन्माला आली आणि बाई म्हणून वाढली. अशांना आमच्याकडे मुशे म्हणतात. दर वर्षी ती मला पेटीतून काढून तांदळाची खळ घालायची आणि ओल्या चुण्या एकेक करून बोटांनी उभ्या करायची. हळूहळू गावभरच्या नवऱ्या आपापले साज तिच्याकडे आणू लागल्या. नवरीला सजवायचीही तीच. पण मुशेंनी बाईच्या वेषात, साज लेऊन चर्चमध्ये यायचं नाही, असं एका पाद्रीबाबांनी बजावलं होतं. तेव्हापासून नेरेइदा दारापर्यंतच जायची, नवरीच्या चुण्या नीट करायची आणि मागे फिरायची. मला त्याचं फार वाईट वाटे.

यंदा मुशेंच्या उत्सवाचं यजमानपण नेरेइदाकडे आलं. नव्या पाद्रीबाबांनी सगळ्या मुशेंना चर्चमध्ये प्रार्थनेला बोलावलं. यजमानणीने घराण्याचा साज लेऊन पुढे चालायचं, ही रीत. पण घराण्याचा साज लेकीला मिळतो, आणि नेरेइदाला लेक मानून मला तिच्या हाती द्यायचं की नाही, हे रोसेंदाने अजून सांगितलं नव्हतं. बोलली ती चर्चमध्ये गाणारी कासिल्दा मावशी. हा साज घालून तू आत गेलीस तर देव उठून जाईल, म्हणाली.

"तुझं गाणं ऐकत इतकी वर्षं बसलाय की, मावशी," नेरेइदा म्हणाली. हसली आणि मला खळ घालू लागली. मी कोणासाठी तयार होतोय, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

उत्सवाच्या सकाळी रोसेंदाने मला दोरीवरून काढलं आणि नेरेइदाच्या हातात दिलं. "घाल," एवढंच म्हणाली.

नेरेइदाने आरशासमोर मला डोक्यावर चढवलं आणि रुंद झालर मागे सोडली. गावभरच्या नवऱ्या सजवणारी बाई स्वतःच्या डोक्यावर चुकली! आजवर ती ल्याली ते उसने साज, तेही नाचापुरते. हाताला तेवढंच वळण होतं.

"हे नाचाचं झालं, बये," रोसेंदा म्हणाली. "आधी चर्चला जायचंय. माझ्या लेकीचा चेहरा दिसू दे सगळ्यांना."

तिने मला उतरवलं, उलटवलं आणि लहान झालर लेकीच्या चेहऱ्याभोवती बसवली.

चर्चच्या दाराशी नेरेइदा सवयीने थांबली. मागे सगळ्या मुशेही थांबल्या. तेव्हा रोसेंदाने पुढे होऊन माझ्या चुण्या नीट केल्या, नेरेइदा नवऱ्यांच्या करायची तशाच, आणि तिचा हात धरून तिला आत नेलं.

मित्रांनो, आम्हाला पेटीत ठेवून जपू नका. ज्या माणसाच्या हातांनी आम्ही टिकलो, त्याच्या अंगावर आम्हाला दिसू द्या. त्या दिवशी नेरेइदाच्या डोळ्यांतल्या पाण्याने माझी गालाजवळची खळ सुटली आणि दोन चुण्या वाकल्या. त्या कोणी सरळ करू नका, एवढंच माझं मागणं आहे.