‘लेन्स जोडलेली नाही’

मित्रांनो, माझ्या कडेवरून नख फिरवलेत तर एक खाच लागेल. एका लग्नात मी दाराच्या कडीवर आपटले, तेव्हाची ती आहे. मी कॅमेऱ्याची जुनी लेन्स आहे. अंग धातूचे, पोटात सहा भिंगे, आकार मुठीत मावेल एवढा. आपोआप फोकस करण्याचे लाड मला ठाऊक नाहीत. माझे कडे हाताने फिरवा, मगच मी नीट पाहते.

कारखान्यात एका बाईने माझे पुढचे भिंग घासले. ती ते उजेडासमोर धरायची, कपाळाला आठ्या घालायची आणि ‘अजून जरा’ म्हणून पुन्हा घासायला घ्यायची. ही मला झिजवून संपवणार, असेच मला वाटले होते. मग सगळी भिंगे बसवून झाल्यावर तिने माझ्यातून समोरच्या भिंतीवरचे घड्याळ पाहिले आणि ती बघतच राहिली. आपल्यातून जग दिसते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले.

पुढे मी एका फोटो स्टुडिओत आले. मालकांना सगळे फोटोकाका म्हणत. काका गिऱ्हाइकाला कधी ‘हसा’ म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, ‘श्वास सोडा.’ कॅमेरा समोर आला की माणसे नकळत श्वास धरून बसतात, आणि मग चेहऱ्याचा पुतळा होतो. समोरच्या माणसाच्या डोळ्यात स्टुडिओतली खिडकी ठिपक्याएवढी चमकते. काका माझे कडे फिरवत तो ठिपका शोधायचे. ‘खिडकी सापडली,’ असे पुटपुटले की त्यांचे बोट दाबले जाई, कॅमेऱ्यातला आरसा खट्‌कन वर जाई आणि मला उजेडाचा रस्ता मोकळा होई.

त्यांच्या बाजूला काकू पांढरा पुठ्ठा धरून उभ्या असत. गिऱ्हाइकाच्या सावलीतल्या गालावर उजेड टाकायचे काम त्यांचे होते.

‘अहो, हात भरून आले माझे.’

‘दोनच मिनिटं.’

ही दोन मिनिटे तीस वर्षे चालली. गावभरच्या लोकांचे फोटो भिंतीवर लागले, पण काकूंचा एकही धड फोटो नव्हता. समोर बसवले की त्या श्वास धरून अशा ताठ व्हायच्या की काका वैतागून म्हणायचे, ‘जाऊ दे, तुझा नंतर काढू.’

मग काकांच्या डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध डाग पडला. चष्म्याने तो जाणारा नव्हता. त्यांनी कोणालाच सांगितले नाही. शिंप्याच्या म्हाताऱ्या आईचे बारा फोटो त्यांनी काढले. बाराही फोटोंत कानातले लखलखीत आले आणि डोळे मात्र धुरकट. दुसरा प्रयत्न करायला ती माऊली उरली नाही. शिंप्याने फोटो घेतले, काकांना नमस्कार केला आणि तो गेला. तो चिडला असता तर बरे झाले असते. त्या दुपारी काकांनी मला झाकण लावले आणि कपाटात ठेवून दिले.

मित्रांनो, अकरा वर्षे! ओलसर, अंधारे कपाट. माझ्या भिंगांवर बुरशीचे पांढरे तंतू चढले. बाहेरून काकूंचा आवाज यायचा, ‘एकदा हात तरी लावा कॅमेऱ्याला.’ काका विषय बदलायचे. ‘नंतर काढू’ हे शब्द आता त्या घरात कोणी उच्चारत नव्हते, आणि मला तेच फार लागायचे.

एके दिवशी सुनेने कपाट आवरायला काढले. ती तान्ह्या बाळांचे फोटो काढते. तिने मला उचलून उजेडात धरले.

‘बाबा, ही माझ्या कॅमेऱ्याला लावू?’

‘कंपनी वेगळी गं. बसायची नाही.’

‘मधे रिंग घालायची. हल्ली मिळते.’

तिने मला एका कारागिराकडून साफ करून आणले. कडेचा एक तंतू तेवढा राहिला. मग एक रिंग माझ्या पाठीला बसली आणि मी परक्या घराण्याच्या कॅमेऱ्यावर चढले. आत पाहते तर काय, आरसाच नाही! इतकी वर्षे माझ्यामागे पहारेकऱ्यासारखा उभा असलेला आरसा गायब. मी थक्क झाले. सुनेने बटण दाबले, आणि कॅमेऱ्याने पडद्यावर लिहिले, ‘लेन्स जोडलेली नाही.’

सुनेने पुन्हा दाबले. पुन्हा तेच.

‘मेली वाटतं बिचारी. टेबलावर कागद दाबायला ठेवते.’

‘थांब. पडद्यावर काय दिसतंय?’

‘खिडकी. तुम्ही.’

‘मग आम्ही दिसतोय कशातून?’

सून हसत सुटली. आताच्या लेन्स कॅमेऱ्याशी विजेच्या टोकांनी बोलतात. मी मुकी, म्हणून त्याच्या लेखी मी नव्हतेच. तिने कॅमेऱ्यात शोधून ‘लेन्स नसली तरी फोटो काढ’ अशी परवानगी देऊन टाकली.

‘आता तुम्ही बघा, बाबा.’

‘मला काय दिसणार?’

‘बघा तरी!’

काकूंना खिडकीकडे तोंड करून बसवले. पुठ्ठा सुनेने धरला. काका खिडकीला पाठ करून उभे राहिले. त्यांची बोटे माझ्या कड्यावर आली. सुनेने एक बटण दाबले आणि काकूंचा डोळा दहापट मोठा होऊन काकांपुढे उभा राहिला. पापणीचा केस न् केस! काकांनी मान किंचित वळवून डाग चुकवून पाहिले, माझे कडे केसभर फिरवले, आणि त्यांचा श्वासच अडकला.

त्यांनी बटण दाबले. आवाज आला नाही. बाळे दचकू नयेत म्हणून सुनेने तो कायमचा बंद ठेवला होता, आणि सांगायला ती विसरली होती. आरशाच्या खटक्यावर जन्म काढलेले काका पुन्हा दाबत राहिले.

‘निघतच नाहीये.’

‘निघत नाही?’ ताठ बसलेल्या काकूंनी सुस्कारा सोडला. खांदे खाली आले. ‘तुमचं नेहमीचंच. माझी वेळ आली की कॅमेरा संपावर!’ आणि त्या मनापासून हसल्या.

फोटो मात्र तेवीस निघाले होते. त्यांतला शेवटचा सुनेने पडद्यावर मोठा केला. काकूंचा मोकळा, हसरा चेहरा. अजून मोठा. डोळा. अजून मोठा. डोळ्यातली खिडकी. काका पडद्याला नाक लावून मान तिरकी करून पाहत होते.

‘खिडकी सापडली,’ ते हळूच म्हणाले. ‘आणि खिडकीत कोणीतरी उभं आहे गं.’

‘कोण?’ काकूंनी विचारले.

‘मीच आहे.’

मित्रांनो, काच घासणारी ती बाई माझ्यातून बघतच का राहिली होती, ते मला त्या क्षणी पुरते कळले. तुमच्या घरातही एखादी जुनी लेन्स कपाटात पडली असेल. तिला कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून उजेड दाखवा. आणि एखाद्या यंत्राने ती नाहीच असे सांगितले, तर एकदा तिच्यातून स्वतः बघा. माझ्या कडेचा तो तंतू अजून तसाच आहे. काकूंचा तो फोटो भिंतीवर लागला आहे, शिंप्याच्या आईच्या, काकांनी जपून ठेवलेल्या एका धुरकट फोटोशेजारी.