उसने की असेच

ताईचं ते पत्र आलं तेव्हा पडदेवाल्याने ते उभ्या उभ्याच वाचलं, पुन्हा पाकिटात घातलं आणि पाकीट शिवणयंत्राच्या खणात, बॉबिनांच्या डब्याखाली सारलं. उत्तर उद्या लिहू म्हणाला. त्या उद्याला आता कितीतरी वर्षं उलटली होती.

पत्र चार ओळींचं. पडदे शिवायचं दुकान टाकताना ताईने त्याला पैसे दिले होते, त्याबद्दल तिने विचारलं होतं: "ते मी तुला उसने दिले की असेच? तुझे भाऊजी विचारतात आणि मला काय सांगावं कळत नाही. तू म्हणशील तसं. पण कळव."

आता देणारीलाच ठाऊक नाही, तर घेणाऱ्याने काय सांगायचं? असेच म्हणावं तर फुकट घेतल्यासारखं होतं. उसने म्हणावं तर कधी परत करणार, हे पुढचं वाक्य लिहायला हवं. पडदेवाला दोन्हीकडून अडला आणि गप्प बसला. ताईनेही पुन्हा विषय काढला नाही. फोनवर दोघं हवापाणी आणि गुडघेदुखी यांच्यापलीकडे जात नसत.

पुढे एका मोठ्या हॉटेलाने सगळ्या खोल्यांचे पडदे शिवून घेतले आणि पैसे न देताच गाशा गुंडाळला. कापड उधारीवर उचललेलं होतं. त्या उधारीसाठी कर्ज काढलं, कर्जासाठी दुसरं कर्ज. शेवटी नादारीचा अर्ज करण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

त्या कचेरीत माणसं तोंड लपवून बसत असतील, अशी त्याची समजूत होती. पण सगळी दाताच्या डॉक्टरकडे बसावीत तशी बसली होती. शेजारचे गृहस्थ तर शब्दकोडं सोडवत होते. दिवाळं निघालेला माणूस दिसतो तरी कसा, याचं पडदेवाल्याला भारी कुतूहल. त्याने खिडकीच्या काचेत स्वतःलाही पाहून घेतलं. नेहमीसारखाच दिसत होता. खिडकीचा पडदा मात्र दोन बोटं आखूड होता.

"इथलेच रहिवासी?" अर्ज घेण्याच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं.

"जन्मापासून."

"जन्म राहू द्या, कागद दाखवा. बाहेरगावचे अर्ज आम्ही घेत नाही."

त्याने विजेचं बिल पुढे केलं.

"हे नाव कोणाचं?"

"वडिलांचं."

"मग त्यांना घेऊन या."

"त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली."

"आणि बिल अजून त्यांच्या नावाने भरलं जातंय? गुणी माणूस."

घरी येऊन त्याने आणि बायकोने कपाटं उपसली. भाड्याच्या पावत्या वडिलांच्या नावाच्या, पाण्याचं बिलही त्यांच्याच.

"अहो, या घरात तुमच्या नावावर आहे तरी काय?" बायको म्हणाली.

"तू."

"मग मलाच नेऊन दाखवा."

तेवढ्यात बॉबिनांच्या डब्याखालचं पाकीट हाती लागलं. वर त्याचं नाव, पूर्ण पत्ता आणि टपालाचा ठसठशीत शिक्का. आत काय आहे याचा विचारही न करता, लढाई जिंकल्यासारखा तो दुसऱ्या दिवशी ते घेऊन गेला.

"घरगुती पाकीट चालत नाही. घरमालकाचा दाखला आणा," बाई म्हणाल्या. पण हातात आलेला कागद वाचायची त्यांना सवय. साखळीचा चष्मा नाकावर चढला. "या बहिणीचं नाव तुमच्या अर्जातल्या देण्यांच्या यादीत दिसत नाही."

"ते घरातलं आहे."

"इथे घरातलं-बाहेरचं नसतं. उसने असतील तर यादीत घाला, असेच असतील तर घालू नका. पण खाली शपथेवर सही आहे. लपवलेलं उघडकीला आलं तर अर्ज फेटाळतील. आता धंद्याची हत्यारं म्हणून जप्तीतून सुटतंय ते शिवणयंत्रही मग जाईल."

"आणि घातलं तर?"

"त्यांना नोटीस जाईल. बाकीच्या घेणेकऱ्यांबरोबर बैठकीला बोलावतील. वाटणीत येईल तेवढं मिळेल. उरलेलं मग कायद्याने कधीच मागता येणार नाही."

"त्याआधी मी तिचे गुपचूप देऊन टाकले तर?"

"तेही चालत नाही. एकाला पुढच्या दाराने, एकाला मागच्या, असं नाही करता येत." बाईंनी पत्र परत दिलं आणि आवाज उतरवला. "पण तुम्ही त्यांना कळवलंत काय?"

"अजून नाही कळवलं."

बाईंनी पाकिटावरच्या शिक्क्याची तारीख पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं. मागच्या बाकावर कालच्या गृहस्थांची शब्दकोड्यावरची पेन्सिल थांबली होती. "अहो, मग काय ठरलं?" त्या गृहस्थांनी विचारलं.

संध्याकाळी बायको म्हणाली, "असेच दिले म्हणून मोकळे व्हा. ताईंचं नाव कचेरीत कशाला? नोटीस भाऊजींच्या हाती पडली तर त्या तोंड कुठे लपवतील?"

"पण खरं काय ते बघायला नको?"

तो यंत्रापाशी बसला. पैसे देताना ताई काय बोलली होती, ते काही केल्या आठवेना. इतकी वर्षं तो तेच आठवू पाहत होता. मग सहज मनात आलं, आपण काय बोललो होतो? आणि ते लख्ख आठवलं. "पुढच्या वर्षी देतो," तो म्हणाला होता. ताई हसली होती. हसून काय म्हणाली, देव जाणे.

"मी घेतले ते उसने," तो बायकोला म्हणाला. "तिने कसे दिले, ते तिचं तिला."

"मग फोन करून सांगा की."

"फोनवर गाडी गुडघ्यांवरच जाते. नोटिशीआधी पत्र पोचायला हवं."

तो लिहायला बसला. बायकोने दिवा जवळ ओढला आणि शेजारी बसून वाचू लागली.

"ताई, उसने. पुढच्या वर्षी देतो म्हणालो होतो, ते जमलं नाही. आता दुकान बुडालं आहे, थोडेसेच मिळतील. यादीत तुझं नाव कापडवाल्याच्या खाली आहे. कचेरीतून नोटीस येईल, तिला घाबरू नकोस; भाऊजींना हे पत्र आधी दाखव. रागाव हवं तर. पण बैठकीला ये, तुझा हक्क आहे. उतरायला आपल्याकडेच. आणि तेव्हा तू हसून काय म्हणाली होतीस, ते तेवढं आठवून ये."

सकाळी घरमालकाकडे दाखला मागायला जाताना तो कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी थांबला. पाकीट आत सारलं आणि तळाशी पडल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत तिथेच वाकून उभा राहिला.